जिंजर्ली : वाक्यात उपयोग करा

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. शब्दाचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, हे दोन प्रश्न मी आजवर इतक्या वेळा फळ्यावर लिहिलेत की हात आपोआप चालतो. अर्थ मुलं पाठ करून येतात. उपयोगात गचके खातात. शब्द कुणी, कुणाशी आणि कधी वापरायचा हे पाठ करून येत नाही, त्यासाठी तो एकदा अंगावर यावा लागतो. माझ्या अंगावर असा एक शब्द आला. जिंजर्ली. त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही, आणि इथं तो लपवत बसायचा माझा विचारही नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बारावीला होतो, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात. उचगावहून बसनं यायचो. वडील फौंड्रीत मोल्डर होते, वाळूचे साचे भरायचे. माझ्या शेजारी बाकावर बसायचा तो पेठ वडगावच्या बाजूचा. घरचा ऊस, दावणीला म्हशी, वडिलांचा गावात शब्द चालायचा. मला इंग्रजी बरं यायचं आणि त्याला अजिबात यायचं नाही, यावरून आमची दोस्ती झाली. मधल्या सुट्टीत तो स्वतःचा डबा उघडायच्या आधी माझा उघडायचा. आईनं दिलेला खर्डा भाकरीला लावून नाकातून पाणी येईपर्यंत खायचा आणि स्वतःच्या डब्यातलं तूप-पोळीचं सगळं माझ्यापुढं सारायचा. आम्ही बौद्ध आणि ते मराठे, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं मला तरी वाटत नव्हतं.

एका धड्यात एक म्हातारा बर्फावरून चालत जातो, तिथं हा शब्द होता. सरांनी अर्थ विचारला. कुणी हात वर करेना. शेवटी सरांनी माझ्या मित्राला उभं केलं. जिंजर म्हणजे आलं एवढं त्याला पक्कं माहीत होतं, त्यामुळं तो छाती काढून म्हणाला, आल्यासारखं. म्हातारा आल्यासारखं चालला. मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज दिला, आल्यासारखं न्हाय सर, गेल्यासारखं. वर्ग दहा मिनिटं हसत होता. सरही हसले. कॉशसली म्हणजे सावधपणे, तसलंच कायतरी असंल, असं म्हणून ते पुढच्या परिच्छेदावर गेले. त्यांनाही अर्थ माहीत नव्हता हे मला कळलं, पण सांगणार कोण.

माझ्याकडं एक जाडजूड डिक्शनरी होती, वडिलांनी रद्दीवाल्याच्या ढिगातून उचलून आणलेली, पुठ्ठा गेलेली. घरी जाऊन बघितलं. फार जपून, बिचकत. वस्तू मोडेल, आपल्याला लागेल किंवा ती नकोशी वाटते म्हणून, अशा मतलबाचं काहीतरी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मित्राला सांगितलं की आल्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो नाराज झाला. संबंध नव्हता तर इंग्रजांनी आलं घातलंच कशाला, असं त्याचं म्हणणं. पण शब्द त्याला आवडला. मग आमचा तोच एक खेळ झाला. बसला गर्दी असली की जिंजर्ली चढ, सरांच्या केबिनला जायचं असलं की जिंजर्ली जा, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घरात जिंजर्ली शिर. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही आणि आम्ही दात काढायचो. त्या वर्षभरात तो माझ्याकडून जेवढं इंग्रजी शिकला त्यातला हा शब्द त्यानं सगळ्यात जास्त वापरला.

मी मात्र त्याला मराठी शब्द शोधत होतो. आमच्या कोल्हापूरची बोली मोकळी आणि मोठ्या आवाजाची, सावधपणाशी तिचं फारसं जमत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. आमच्याकडं 'दमानं' आहे, तो गाडी हाणणाऱ्याला आणि तापलेल्या माणसाला सांगायचा. 'बेतानं' आहे, तो हाताला आणि जिभेला. 'अलगद' आहे, तो लहान मुलाला पाळण्यात ठेवताना. आणि 'जपून' आहे. जपून हा माझ्या वडिलांचा शब्द. मी घरातून निघालो की जपून जा, जपून बोल, जपून राहा. फौंड्रीत उकळतं लोखंड ओततात, त्याच्याजवळ जन्म गेला म्हणून त्यांना ही सवय लागली असेल असं मी समजायचो. ते कुठल्या आगीबद्दल बोलत होते हे मला फार उशिरा कळलं.

यातला एकही शब्द जिंजर्लीला बसेना. दमानं, बेतानं, अलगद, जपून, या सगळ्यांत वस्तूबद्दल नाहीतर माणसाबद्दल थोडी तरी माया आहे. डिक्शनरीतल्या त्या शब्दात काळजी होती, पण ती वस्तूची नव्हती. ती कुणाची हे मला बघायला मिळालं ते पूर्वपरीक्षेच्या सुट्टीत.

मित्र म्हणाला, दोन दिवस घरी ये, इंग्रजीचा सगळा अभ्यास करून टाकू. मी वडगावपर्यंत एसटीनं गेलो, तिथून तो सायकलवर डबलसीट घेऊन गेला. घर नवीन होतं, स्लॅबचं, पुढं अंगणात ट्रॅक्टर. त्याची आई दारात आली. पावणं कुठलं, असं तिनं हसून विचारलं. मी उचगाव म्हणालो. उचगावात कुणाच्यातलं, असं विचारलं. मी आडनाव सांगितलं. आडनावावरून तिला नीट कळेना, आमच्यासारखी आडनावं सगळ्यांत असतात. मग गल्ली विचारली. मी गल्लीही सांगितली. तिथं खोटं बोलता येतं, बरेच जण बोलतात, आणि आज मला त्यांचा मुळीच राग येत नाही. तेव्हा मला ते सुचलंही नाही. बरं बरं, म्हणाली ती, बसा, च्या टाकते.

चहा आला. मित्र, त्याचे वडील आणि मी, तिघांना एकसारखे कप-बश्या, निळ्या फुलांच्या. ते बघून माझ्या जिवात जीव आला, आणि आपला जीव आधी गेला होता हे तेव्हा लक्षात येऊन स्वतःचीच लाज वाटली. चहात आलं ठेचून घातलं होतं. मित्रानं डोळा मारला, बघ, जिंजर्ली च्या. आम्ही दोघं खो खो हसलो. त्याचे वडील काय हसताय म्हणून बघायला लागले. ते चहा पिऊन उठले आणि रानाकडं गेले.

मग त्याची आई कप न्यायला आली. मुलाचा आणि नवऱ्याचा कप तिनं एकात एक घातला, बश्या एकीवर एक ठेवल्या आणि सगळं डाव्या हातावर तोललं. मग माझ्या कपाशी थांबली. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट, एवढ्यानं तिनं कपाचा कान धरला. बाकीची तीन बोटं ताठ वर. कप अंगापासून लांब धरून ती स्वयंपाकघराकडं न वळता बाहेरच्या दारानं गोठ्याजवळच्या नळावर गेली, तिथं कट्ट्यावर तो ठेवून आली. मग परत येऊन माझी बशी नेली, तशीच. त्यानंतर डाव्या हातावरची भांडी घेऊन आत गेली.

तिनं कप आपटला नाही, नाक मुरडलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तिरस्कार असता तर मला निदान मनातल्या मनात भांडता आलं असतं. तो चेहरा साधा होता, कामात असलेल्या बाईचा. आतून तिनं आवाज देऊन मला सांगितलं की जेवल्याबिगर जायचं न्हाय हं पावणं, आणि ती ते मनापासून म्हणत होती. मला शब्दाचा अर्थ कळला. जिंजर्लीतली काळजी उचलणाऱ्याच्या बोटांची असते.

मित्र समोर बसला होता, मांडीवर पुस्तक घेऊन. त्यानं पान उलटलं आणि लगेच परत मागं उलटलं. म्हणजे त्यानं बघितलं होतं. माझी याबद्दल खात्री होती, पण खात्री असणं वेगळं आणि समोरच्यानं म्हणणं वेगळं.

मी जेवलो नाही. वडिलांना बरं नाही, असं काहीतरी सांगून निघालो. त्यानंही राहा म्हणून आग्रह केला नाही. स्टँडपर्यंत तो सायकलवर सोडायला आला. वाटभर तो प्रश्नपत्रिकेबद्दल बोलत होता, पत्रलेखन ऑप्शनला टाकू का, निबंध कुठला येईल. एसटी यायला वेळ होता. तो थांबला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मला माफी नको होती. त्याच्या आईशी त्यानं भांडावं असंही वाटत नव्हतं. 'मी बघितलं' एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं. दोन शब्द. ते म्हणाला असता तर मी हसून विषय सोडून दिला असता आणि आमची दोस्ती पहिल्यासारखी राहिली असती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. एसटी आली. जिंजर्ली जा, असं तो सवयीनं म्हणाला, आणि सायकल वळवायला लागला.

दोस्ती तुटली नाही. तुटायला भांडण लागतं आणि आमच्यात भांडण झालंच नव्हतं. तो पुढंही माझ्या डब्यातला खर्डा खात राहिला, मी त्याला नोट्स देत राहिलो. फक्त त्या दोन शब्दांची मी वाट बघत राहिलो. दर वर्षी वाटायचं, आता बोलेल. बी.ए.ला असताना वाटलं, आता मोठा झाला. त्याच्या लग्नात वाटलं, आज बोलेल. लग्नात मला पहिल्या पंगतीला त्यानं हाताला धरून बसवलं होतं. पत्रावळ्या कागदाच्या होत्या, जेवून झालं की गोळा करून फेकून द्यायच्या. आमचा जिल्हा पुरोगामी, हे आमच्याकडं प्रत्येक भाषणात सांगतात. त्यातला किती वाटा त्या कागदी पत्रावळ्यांचा आहे हे कुणी सांगत नाही.

मी बी.ए.ला इंग्रजीच घेतलं. कॉलेजच्या लायब्ररीत एक भलीमोठी डिक्शनरी होती, शब्दांची कुळं सांगणारी. एके दुपारी जिंजर्ली काढून बघितला. आल्याशी संबंध नाहीच. जुन्या फ्रेंचमधल्या, नाजूक या अर्थाच्या एका शब्दावरून आला असावा, आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ, चांगल्या कुळात जन्मलेला. बहुधा, असं त्यात म्हटलं होतं. पंडित लोक नेहमीच बहुधा म्हणतात. मी लायब्ररीत एकटाच हसलो. लायब्ररियननं मान वर करून बघितलं. चांगल्या कुळातला माणूस नाजूकपणे पाऊल टाकतो, नाजूकपणे वस्तू उचलतो. आमच्या गल्लीत जन्मलेल्याला मोठा अभ्यास न करताही हे सांगता आलं असतं.

पुढं मी बी.एड. केलं आणि पन्हाळ्याच्या बाजूला एका हायस्कुलात लागलो. स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला मूळ गाव विचारलं. तोपर्यंत मी गल्ली न सांगता उचगावबद्दल पाच मिनिटं बोलायला शिकलो होतो. मित्रानं कोल्हापुरात गाइड छापायचा धंदा काढला. तो चालला. दोन हजार सालानंतर इंग्लिश मिडियमचं वारं सुटलं, आणि मराठी शाळांतली पोरं इंग्रजीला घाबरून गाइडं घ्यायला लागली. मग त्याच्या डोक्यात आलं की विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढावी. प्रत्येक शब्दाला अर्थ आणि एक सोपं वाक्य, इंग्रजीत आणि मराठीत. तो माझ्याकडं आला. तुझ्याबिगर कोण करणार मर्दा, म्हणाला. मला बरं वाटलं. हे मान्य करायला आता जड जातं, पण वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी कार्डं लिहायला बसलो. एका कार्डावर एक शब्द. जी अक्षराला आलो. जिंजर, आले. पुढचं कार्ड कोरं. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत होतो. निसरड्या फरशीवरून चालणारी आजी घालता आली असती. काच उचलणारा मुलगा घालता आला असता. मी लिहिलं, आईने पाहुण्याचा कप जिंजर्ली उचलला. त्याखाली मराठीत, दोन बोटांच्या चिमटीत, हात लागू नये अशा बेताने. हे मी मुद्दाम केलं. ते वाक्य फक्त एका वाचकासाठी होतं आणि तो वाचक ते वाचणार हे मला माहीत होतं, कारण प्रत्येक कार्ड तो स्वतः तपासायचा.

महिन्याभरानं त्यानं ऑफिसात बोलावलं. दुपारची वेळ होती, त्याची माणसं जेवायला गेली होती. कार्डांचे गठ्ठे रबर लावून टेबलावर रचले होते आणि एक कार्ड बाजूला काढून ठेवलं होतं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. कागद किती महाग झालाय, माझी पोरगी कितवीला आहे. मग कार्ड माझ्याकडं सरकवलं.

"हे वाक्य तेवढं बदलूया."

"चुकलंय काय?"

"न्हाय. बरोबर हाय."

"मग?"

"आई हाय की अजून घरात."

"तिला कुठं वाचता येतंय?"

त्यानं कार्ड परत स्वतःकडं ओढलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मला येतंय की."

अकरा वर्षं मी याचीच वाट बघितली होती. मी बघितलं असं तो म्हणाला नाही, पण अर्थ तोच होता. हे ऐकल्यावर मला हलकं वाटेल असं मी समजत होतो. मला संताप आला. तो आज बोलला तो मला बरं वाटावं म्हणून नव्हे. छापलेलं पान रोज डोळ्यांपुढं येईल, ते त्याला नको होतं. माझ्या डोळ्यांपुढं अकरा वर्षं जे होतं ते त्याला एक दिवसही नको होतं. आणि आपली आई कुणाला प्यारी नसते, तिला तो सांभाळणारच. हेही मला कळत होतं, म्हणून राग आणखीनच वाढला.

मी भांडायला हवं होतं. हे वाक्य राहील नाहीतर सगळी कार्डं उचलून नेतो, असं म्हणायला हवं होतं. त्याच्याकडून त्या कपाबद्दल एक पूर्ण वाक्य वदवून घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, तुला काय पाहिजे ते घाल. माझ्या तोंडून वडीलच बोलले. तो एकदम मोकळा झाला. म्हणाला, वाक्य चांगलंच हाय, तेवढा पाहुण्याचा कप काढतो आणि त्या जागी पोरांना पटकन कळंल असं कायतरी घालतो. मी मान हलवली. मग आम्ही दोघं वहिनींच्या डब्यातलं जेवलो.

डिक्शनरी जूनमध्ये शाळा सुरू होताना आली. माझ्याकडं पार्सल आलं, वर त्यानं स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं होतं. मी पुस्तक उघडून थेट तो शब्द काढला. आई होती. उचलणं होतं. जिंजर्ली होतं. माझं मराठीसुद्धा त्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं, दोन बोटांच्या चिमटीत, हात लागू नये अशा बेताने. फक्त पाहुण्याचा कप काढून त्या जागी मेलेला उंदीर घातला होता.

त्यानं हे मला हिणवायला केलं नाही. तसा तो माणूस नाही. शब्द ज्याला चपखल लागू पडतो असं काहीतरी त्याला हवं होतं, आणि त्या जागेसाठी त्याच्या मनात पहिलं जे आलं ते त्यानं घातलं. मी त्याला कधी विचारलं नाही. सणावाराला फोन होतो, बोलणं होतं.

ती डिक्शनरी आमच्या शाळेतल्या पोरांच्या घरोघरी आहे. पोरांना ते वाक्य फार आवडतं, वाचताना शहारतात आणि हसतात, त्यामुळं लक्षातही राहतं. घटक चाचणीत वाक्यात उपयोग करा म्हटलं की निम्मा वर्ग तेच लिहितो. शब्द योग्य जागी आहे, व्याकरणात खोट नाही. मी बरोबरची खूण करतो आणि पुढचा पेपर घेतो.